कुत्र्यामागे बक्षीस देण्यापेक्षा समन्वयकाचा पगार द्या: ऑस्ट्रेलियातला अनुभव

माण तालुक्यातल्या एका मेंढपाळ कुटुंबातल्या तरुणानं विचारलंय: "ऑस्ट्रेलियात जंगली कुत्र्यांपासून मेंढ्या वाचवायला सरकार कोट्यवधी डॉलर देतं असं ऐकलं. तो पैसा नेमका जातो कुठे? त्याचा उपयोग होतो का? आमच्याकडं मोकाट कुत्री शेळ्या-मेंढ्या फाडतात, तर तसलं काही आपल्याकडं करता येईल का?"

मी पशुवैद्य आहे. शिक्षण परळला झालं आणि गेली सतरा वर्षं क्वीन्सलँडच्या पश्चिमेकडं आणि न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात, म्हणजे मेंढ्यांच्याच मुलखात काम करतोय. माझ्या आजोळी मेंढरं होती, त्यामुळं सकाळी उठून फाडलेली मेंढी बघणं म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा लांबण लावणार आहे.

आधी थोडक्यात सांगतो. पैसा जातो कुंपणांवर, विषारी आमिषांवर, सापळे लावणाऱ्या माणसांवर आणि काही ठिकाणी अजूनही मारलेल्या कुत्र्यामागच्या बक्षिसांवर. उपयोग होतो, पण सगळ्या शेजाऱ्यांनी एकाच वेळी काम केलं तरच. आणि हे शेजारी एकाच वेळी कामाला लागावेत म्हणून जो माणूस राबतो, त्याच्या पगाराला सगळ्यात कमी पैसा मिळतो. मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

कुत्रा म्हणजे कोणता कुत्रा

मराठीत रानकुत्रा म्हटलं की आपल्यासमोर कोळसुंदा येतो. त्याचा इथं काही संबंध नाही. ऑस्ट्रेलियात 'वाइल्ड डॉग' म्हणतात तेव्हा त्यात डिंगो, डिंगो आणि पाळीव कुत्र्यांचा संकर, आणि रानावर गेलेली पाळीव कुत्री असे तिन्ही येतात. डिंगो या भूमीवर निदान तीन हजार वर्षांपासून आहे. गोऱ्यांच्या मेंढ्या आल्या १७८८ नंतर. मूळ ऑस्ट्रेलियन समाजांच्या दृष्टीनं डिंगो घरातला, कुळातला आहे. बरीच वर्षं असं मानलं जायचं की शुद्ध डिंगो जवळजवळ संपलाय आणि उरलीत ती सगळी भेसळ. अलीकडच्या, जास्त बारकाईच्या जनुकीय तपासण्यांनी ते मोडीत काढलं. 'जंगली कुत्रा' म्हणून मारले जाणारे बहुसंख्य प्राणी डिंगोच निघाले. याचा सरकारी पैशाशी थेट संबंध आहे, पुढं त्यावर येतो.

मेलेलं कोकरू काय सांगतं

नुकसान कुत्र्यानंच केलं हे आधी ठरवावं लागतं. नाहीतर पैसा भलत्याच शत्रूवर खर्च होतो. कोल्हा, कावळा, रानडुक्कर, थंडी, आईला दूध नसणं, कोकरू मरायला दहा कारणं असतात. कावळ्यानं डोळे आणि जीभ नेलेलं कोकरू बघून माणूस कावळ्याला शिव्या घालतो, पण बऱ्याचदा ते आधीच मेलेलं असतं.

मी काय करतो सांगतो. कोकराच्या खुरांचं टोक बघतो. जन्मतः त्यावर एक मऊ, पिवळसर आवरण असतं. ते झिजलेलं असेल तर कोकरू उठून चाललं होतं. फुप्फुसाचा तुकडा पाण्याच्या डब्यात टाकतो. तरंगला तर त्यानं श्वास घेतला होता. मग मान, खांदा आणि मागच्या मांड्यांवरची कातडी सोलतो. दातांच्या छिद्रांभोवती आतल्या बाजूला काळंनिळं रक्त साकळलेलं असेल तर चावा जिवंतपणी बसलाय. छिद्रं आहेत, पण आतलं मांस पांढरट आणि कोरडं आहे, तर ते मेल्यावर कुणीतरी खाल्लंय. मोठ्या मेंढीत कुत्र्याचा चावा बहुतेक वेळा मागून असतो. मांडी, कास, शेपटीखालचा भाग. वरून लोकर अगदी नीट दिसते, हात फिरवला की बोटं आत जातात. अशी मेंढी लगेच मरत नाही. तीन-चार दिवसांनी जखमेत अळ्या पडून मरते, आणि तिला मेलेल्यांत कुणी धरत नाही.

कुत्रा भुकेपुरतं मारून थांबत नाही. मेंढी पळते आणि ती पळते म्हणून तो मारत राहतो. एका रात्रीत तीस-चाळीस जखमी मेंढ्या मी पाहिल्यात, त्यातली खाल्लेली एखादीच. त्या सकाळी साठीतला ग्रेझियर, म्हणजे मेंढ्यांचा मालक, माझ्याशी एक शब्द न बोलता एकेक मेंढी गोळी घालून मोकळी करत होता. हे शहरातल्या माणसाला दिसत नाही. म्हणूनच नुकसानीच्या आकड्यांवर त्याचा विश्वास बसत नाही. आकडा हवाच असेल तर २०१६च्या एका अंदाजानुसार जंगली कुत्र्यांमुळं देशाचं वर्षाला सुमारे ८.९ कोटी डॉलरचं नुकसान होतं. त्यात गोठ्याचंही नुकसान आहे. वासरांना चावे बसतात, आणि कुत्र्यांकडून पसरणाऱ्या निओस्पोरा आणि हायडॅटिड या परजीवींमुळं गाई गाभडतात, कत्तलखान्यात यकृतं फेकून द्यावी लागतात.

एकट्यानं का होत नाही

क्वीन्सलँडच्या पश्चिमेला वीस हजार हेक्टरचं, म्हणजे आपल्या हिशोबानं जवळपास पन्नास हजार एकरांचं स्टेशन, म्हणजे मेंढ्या-गुरांची चराऊ जमीन, काही मोठं मानत नाहीत. तरी एका कुत्र्याला ते पुरत नाही. गळ्यात जीपीएस पट्टा घातलेली तरुण कुत्री शेकडो किलोमीटर गेल्याच्या नोंदी आहेत. तुम्ही तुमच्या जमिनीवरची चार कुत्री मारलीत, तर तो रिकामा मुलूख पुढच्या मोसमात शेजारची पिल्लं येऊन भरतात. म्हणजे तुमचं विष, तुमचे कष्ट, आणि तुमच्या जमिनीवर वाढायला शेजाऱ्याची कुत्री.

याची वाट दाखवली ती कॅनबेराच्या पश्चिमेकडच्या ब्रिंडाबेला आणि वी जॅस्पर या दोन खोऱ्यांनी. तिथं मेंढपाळांची कुरणं, राष्ट्रीय उद्यान आणि सरकारी वनं एकमेकांना लागून आहेत. वर्षानुवर्षं शेतकरी म्हणायचे, कुत्री उद्यानातून येतात. उद्यानवाले म्हणायचे, तुमच्या हद्दीत तुम्ही बघा. २००१मध्ये तिथं एक योजना झाली. सगळ्यांनी एका टेबलावर नकाशा पसरला आणि त्यावरच्या मालकीच्या रेषा पुसून टाकल्या. मग त्या कोऱ्या नकाशावर कुठं मेंढ्या मेल्या, कुठं कुत्र्यांचे माग दिसतात, पाणी कुठं आहे, डोंगराच्या कुठल्या सोंडेवरून ती उतरतात, एवढंच लिहिलं. कामाची आखणी त्या खुणांवरून झाली, सगळ्या खात्यांचा पैसा एकत्र केला, आणि सापळे लावणारा डॉगर ज्या दिवशी जिथं गरज त्या दिवशी तिथं गेला, मग जमीन कुणाचीही असो. याला इथं 'निल टेन्युअर' म्हणतात, म्हणजे मालकी बाजूला ठेवून केलेली आखणी. पुढं देशभरातल्या बहुतेक योजनांनी ही पद्धत उचलली, आणि २०१४मध्ये लोकर उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पुढाकारानं निघालेल्या राष्ट्रीय कृती आराखड्याचा पायाही हाच.

सरकारनं पैसा का द्यावा, खासगी मेंढ्या आहेत, मालकानं राखाव्यात, असा प्रश्न इथले अर्थतज्ज्ञही विचारतात. त्याचं माझं उत्तर त्या नकाशात आहे. त्यावरचा सगळ्यात मोठा जमीनदार बऱ्याचदा सरकारच असतं. उद्यानं, वनं, जनावरं हाकत न्यायच्या जुन्या सरकारी वाटा, सगळं त्याचंच. शेजाऱ्यांवर कायद्यानं जबाबदारी टाकायची तर या शेजाऱ्यानंही आपला वाटा उचलायला हवा.

आमिष टाकायचा दिवस

सगळे मिळून करतात म्हणजे काय करतात, ते एकदा बघा. वर्षातून दोनदा, शरदात आणि वसंतात, मोहीम असते. इथले ऋतू आपल्या उलट: शरद मार्च ते मे, हिवाळा जून ते ऑगस्ट, वसंत सप्टेंबर ते नोव्हेंबर. डिंगोची मादी वर्षातून एकदाच विते. माज साधारण एप्रिल ते जून, पिल्लं हिवाळ्यात. म्हणून शरदातली मोहीम माजाच्या आधी, आणि वसंतातली पिल्लं बिळाबाहेर पडू लागतात तेव्हा.

ठरलेल्या दिवशी पहाटे एखाद्या स्टेशनच्या शेडपाशी युट, म्हणजे पिकअप गाड्या जमतात. प्रत्येकानं आपापलं मांस आणलेलं असतं, कांगारूचं नाहीतर बैलाचं, पावशेराच्या आसपासचे तुकडे करून, तारेच्या जाळीवर पसरून थोडं सुकवलेलं. परवाना असलेला अधिकारी हातमोजे घालून प्रत्येक तुकड्यात 'टेन-एटी'चं, म्हणजे सोडियम फ्लुओरोअॅसिटेटचं इंजेक्शन देतो. एका तुकड्यात ६ मिलिग्रॅम. एवढुशा मात्रेत मोठा कुत्रा मरतो, कारण कुत्र्याच्या जातीला हे विष फार लागतं. हाच पदार्थ पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या काही रानझुडपांत नैसर्गिकरीत्या असतो, त्यामुळं तिथल्या बऱ्याच देशी प्राण्यांना तो बराच पचतो. मोहिमेआधी शेजाऱ्यांना लेखी सूचना द्यावी लागते, फाटकांवर लाल अक्षरांतल्या पाट्या लागतात. जिथं गाडी जात नाही त्या डोंगरांत विमानातून टाकतात.

मग सगळे पांगतात आणि त्याच दोन-तीन दिवसांत सगळीकडं आमिष पडतं. याच एका गोष्टीसाठी सगळा खटाटोप असतो.

आता या विषाची दुसरी बाजू. ती पशुवैद्यानं सांगितली नाही तर कोण सांगणार. टेन-एटीला उतारा नाही. एका शरदात एक बाई रात्री नऊला तिची केल्पी घेऊन आल्या. ही इथली मेंढ्या-गुरं राखायची जात. आमिष त्यांच्या जमिनीवरचं नव्हतंच. कावळ्यानं शेजारून उचलून त्यांच्या अंगणात टाकलं होतं. कुत्री आली तेव्हा भिंतीला धडकत, ओरडत, गोल गोल पळत होती. मी गुंगी दिली, पोट धुतलं, पहाटे चारपर्यंत झटके आवरत बसलो. ती गेली. त्या बाई गुरांच्या मालकीण होत्या, मेंढ्या नव्हत्याच त्यांच्याकडं. त्यांचं म्हणणं असं, की डिंगो असला तर कांगारू आटोक्यात राहतात आणि माझ्या गाईंना गवत उरतं, वासरं दोन-चार गेली तर चालतील. तरी केवळ शेजारधर्म म्हणून त्या मोहिमेत यायच्या. त्या रात्रीनंतर त्यांनी फाटक लावून घेतलं. आणि त्यांची जमीन नेमकी नदीला लागून होती, कुत्र्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर.

ते फाटक पुन्हा उघडलं आमच्या भागातल्या समन्वयक मुलीनं. मुलगी म्हणतो, तिशीतली होती, स्वतः मेंढ्यांच्या घरातली. तिनं त्या बाईंना पत्र पाठवलं नाही की कायद्याचं कलम दाखवलं नाही. दीड वर्ष ती दर महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन चहा घेत होती. शेवटी असं ठरलं, की बाईंच्या जमिनीवर उघडं आमिष पडणार नाही. नदीकाठानं रबरी जबड्यांचे सापळे लागतील, आणि जमिनीत ठोकलेले इजेक्टर. इजेक्टरमध्ये विषाची कुपी खाली बसवलेली असते. कुत्र्यानं वरचं आमिष दातांत धरून जोरानं वर ओढलं तरच ती त्याच्या तोंडात उडते, आणि कावळ्याला ते उचलून नेता येत नाही. घराच्या आसपास 'पीएपीपी' हे दुसरं विष वापरायचं, कारण ते कुत्र्याला लवकर बेशुद्ध करतं आणि त्याला मिथिलीन ब्लूचा उतारा आहे, पशुवैद्य वेळेत पोचला तर पाळीव कुत्रा वाचतो. आणि मोहिमेच्या आधी त्यांच्या सगळ्या कुत्र्यांना जाळीचे मुस्के सरकारी पैशातून. एका मुस्क्याला किती पैसे पडतात? पण या मुस्क्यांची तरतूद अनुदानाच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. ती बसवायला तिला तीन महिने लागले.

पैसा कुठून कुठे

केंद्र सरकार वेळोवेळी ठरावीक मुदतीचे निधी काढतं. २०१५च्या शेती श्वेतपत्रिकेत उपद्रवी प्राणी आणि तणांसाठी मिळून ५ कोटी डॉलर होते, दुष्काळात वेगळे निधी निघतात. राज्य सरकारं आपापल्या कायद्यांखाली अधिकारी आणि यंत्रणा पोसतात. न्यू साउथ वेल्समध्ये हे काम 'लोकल लँड सर्व्हिसेस' बघते, क्वीन्सलँडमध्ये मुख्यतः स्थानिक कौन्सिलं. लोकर विकताना शेतकऱ्याकडून कापली जाणारी पट्टी 'ऑस्ट्रेलियन वूल इनोव्हेशन'कडं जाते, आणि गेली बरीच वर्षं समन्वयकांचे पगार प्रामुख्यानं याच पैशातून निघालेत. म्हणजे ज्या कामाला मी सगळ्यात जास्त मोल देतो, त्याला पैसा दिला तो शेतकऱ्यांनी स्वतः.

कुंपणांचं प्रकरण मोठं आहे. क्वीन्सलँडच्या डार्लिंग डाउन्सपासून दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या समुद्रकड्यापर्यंत जाणारं जुनं कुत्रा-कुंपण सुमारे ५,६०० किलोमीटर लांब आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात त्यासाठी १९४६चा स्वतंत्र कायदा आहे. मेंढपाळांकडून पट्टी गोळा होते आणि राज्य सरकार तेवढीच रक्कम आपल्याकडून घालतं. तिथला १,६०० किलोमीटरचा जुनाट पट्टा नव्यानं बांधायला २.५ कोटी डॉलरची योजना झाली. १ कोटी केंद्राचे, १ कोटी राज्याचे, ५० लाख व्यवसायाचे. ज्याचा फायदा होतो त्याचाही वाटा, हा हिशोब मला पटतो, कारण स्वतःचा पैसा गेला की माणूस कुंपणाचं भोकही बघायला जातो.

क्वीन्सलँडच्या मध्य-पश्चिमेत मात्र वेगळंच घडलं. १९९०च्या सुमाराला राज्यात दीड कोटीहून जास्त मेंढ्या होत्या. २०१६च्या आसपास वीस लाखही धड उरल्या नाहीत. सगळा दोष कुत्र्यांचा नव्हे. १९९१मध्ये लोकरीची हमीभाव योजना कोसळली, मग दुष्काळ आले. पण ज्यांना मेंढ्या ठेवायच्याच होत्या त्यांनाही कुत्र्यांनी ठेवू दिल्या नाहीत. शंभर मेंढ्यांमागं तीस-पस्तीस कोकरं हाती लागलेली स्टेशनं मी पाहिली आहेत. तेवढ्यात कळपसुद्धा टिकत नाही. मेंढी गेली की लोकर कातरणारे गेले, त्यांच्यामागं खानावळ, दुकान, शाळेतला एक वर्ग. बार्काल्डिन, ब्लॅकॉल, लाँगरीच या गावांनी ते भोगलंय.

२०१५नंतर तिथं क्लस्टर कुंपणं आली. पाच-दहा शेजाऱ्यांनी मिळून सगळ्यांच्या जमिनींना एकच बाहेरचं कुंपण घालायचं. पुरुषभर उंचीची जाळी, आणि तळाला बाहेरच्या बाजूनं जमिनीवर पसरलेला जाळीचाच पदर, म्हणजे खालून उकरता येत नाही. खर्चाचा काही हिस्सा राज्य आणि केंद्राच्या अनुदानातून, उरलेला ज्याचा त्यानं. लाँगरीच कौन्सिलनं वेगळी वाट काढली. स्वतः १.८ कोटी डॉलरच्या आसपास कर्ज काढून शेतकऱ्यांना कुंपणं घालून दिली, आणि ती रक्कम २० वर्षांत विशेष कर म्हणून वसूल करायची ठरवली. बँकेच्या दारात उभं राहायची ज्यांची ऐपत नव्हती त्यांना त्यामुळं कुंपण मिळालं. आत मेंढ्या परत आल्या, कोकरं वाढली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तरी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. कुंपण घातलं म्हणजे आतली कुत्री आपोआप जात नाहीत, ती शेवटच्या एका कुत्र्यापर्यंत काढावी लागतात आणि त्या शेवटच्या कुत्र्याला सहा-सहा महिने लागतात. आणि जो कुंपणाबाहेर राहिला त्याच्याकडं दबाव वाढतो. अनुदानाचा पहिला हप्ता कुणाला मिळाला यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय.

बक्षिसांबद्दल फार लिहीत नाही. कुत्र्याची कातडी आणा, पैसे न्या, ही इथं एकोणिसाव्या शतकापासूनची पद्धत आहे आणि क्वीन्सलँडमधली काही कौन्सिलं अजूनही ती चालवतात. बक्षीस घेणारा माणूस जिथं कुत्री सोपी आणि भरपूर तिथं जातो. मेंढ्या खाणारं एक हुशार, सापळा ओळखणारं जुनं कुत्रं पकडायला महिना लागतो, त्याचे पैसे मात्र पिल्लाएवढेच. शिवाय कातडी नक्की कुठल्या भागातून आली हे कोण बघणार? सरकारला आकडा दाखवता येतो, 'इतकी कुत्री मारली'. कोकरं किती वाचली हे त्यातून कळत नाही. अनुदानाचा हिशोब कोकरांत व्हावा असं माझं ठाम मत आहे. शेपट्या कापायच्या वेळी प्रत्येक कोकरू मोजलं जातंच. तो आकडा दरवर्षी, प्रत्येक गटाकडून घ्या आणि पुढचा हप्ता त्यावर ठरवा.

आता त्या समन्वयक मुलीकडं परत येतो. तिच्या गटात एकतीस स्टेशनं होती. तीन वर्षांचा निधी संपला तेव्हा तिची नेमणूकही संपली. नवा निधी येणार होता, पण मधे नऊ महिन्यांची फट पडली, आणि एवढे दिवस कोण बसून राहणार? तिनं दुसरीकडं नोकरी धरली. पुढच्या शरदात मांसाला इंजेक्शन द्यायला एकोणीस जण आले. त्याच्या पुढच्या खेपेला चौदा. नदीकाठच्या बाईंचे सापळे बघायला कुणी गेलंच नाही. दोन हंगामांत कोकरांची टक्केवारी जिथून सुरू झाली होती तिथं येऊन बसली. मग नवा निधी आला. त्यातून विमान आलं, आमिषं आली, आणि ज्यांना त्या स्वयंपाकघरातल्या गप्पांचं काहीच ठाऊक नव्हतं अशा माणसांनी पुन्हा पहिल्यापासून पत्रं पाठवायला सुरुवात केली.

म्हणून मला कुणी सल्ला विचारला तर मी म्हणतो, एका भागाला दहा वर्षांसाठी एक माणूस, गाडी आणि फोन एवढं आधी पक्कं करा. बाकीचं त्यानंतर मागा.

सरकारी पैशातून मारली जाणारी बहुसंख्य 'जंगली कुत्री' डिंगोच आहेत, हा डिंगोचा वाद यातून सुटत नाही, आणि सुटू नये. व्हिक्टोरियाच्या वायव्येकडच्या बिग डेझर्ट भागात डिंगो इतके थोडे उरले, की २०२४मध्ये सरकारनं तिथं त्यांना मारायची मोकळीक काढून घेतली. तिथले मेंढपाळ संतापले, आणि मला त्यांचा राग समजतो, कारण निर्णय आधी आला आणि कुंपण, राखणदार कुत्री यांची मदत मागून. पण निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. जिथं मेंढ्या आहेत तिथं कुंपणानं आणि गटानं राखा, जिथं नाहीत तिथल्या डिंगोच्या मागं लागू नका. मरेम्मा जातीची राखणदार कुत्री कळपात पिल्लापासून वाढवली तर मोठं काम करतात. पण त्यांना दोन वर्षं शिकवावं लागतं, आणि ती शिकवण कुठल्या अनुदानात बसत नाही.

माणमध्ये काय करता येईल

विष अजिबात नाही. आपल्याकडं मोकाट कुत्र्यांना 'प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३' लागू आहेत: पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि सोडायचं, आणि जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची. मेलेल्या जनावरात कीटकनाशक घालून ठेवणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय आपल्या माळावर लांडगा, खोकड, तरस, गिधाड आहे. त्यांच्यासोबत तुमचंच राखणीचं कुत्रं मरेल, आणि ते कसं मरतं ते मी वर लिहिलंय.

पण नकाशाची युक्ती तशीच्या तशी लागू होते. नसबंदीची गाडी तालुक्याच्या गावी येते, आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जात नाही, आणि दोन वर्षांत संख्या पुन्हा तेवढीच. पंधरा-वीस ग्रामपंचायती एका महिन्यात, लागून लागून घेतल्या तरच उपयोग. जुनं-नवं कुत्रं तुमच्याकडं येतं कशामुळं तेही नकाशावर मांडा: कोंबडीच्या दुकानांचा कचरा कुठं टाकतात, मेलेली जनावरं कुठं ओढून नेतात, ढाब्यांचं उष्टं कुठं पडतं. माझा अनुभव असा, की कळपावर तुटून पडणारी टोळी अशाच एखाद्या ढिगावर पोसलेली असते. मेलेलं जनावर खड्ड्यात चुना टाकून पुरणं हे या सगळ्यात स्वस्त काम आहे.

रात्रीची वाघर चांगलीच आहे, पण कुत्री जाळीला खालून तोंड घालतात. इथल्या कुंपणासारखा जाळीचा हातभर पदर बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून त्यावर दगड ठेवून बघा. वाडा हलवताना गुंडाळून नेता येतो.

आणि नुकसान झालं तर त्याच दिवशी नोंद करा. लांडगा, बिबट्या, तरस यांनी मारलं तर वनविभागाची भरपाई आहे. मोकाट कुत्र्यानं मारलं तर त्यात बसत नाही. त्यामुळं कुणी मारलं हा प्रश्न तुमच्या खिशाचा आहे. जनावर हलवू नका, सोलू नका, वरून गोणपाट टाकून ठेवा. चावे, आजूबाजूचे पायांचे ठसे आणि ठिकाण यांचे फोटो काढा, फोटोत काडेपेटी किंवा नाणं ठेवा म्हणजे माप कळतं. वनविभागाला १९२६ वर कळवा, आणि पंचनाम्याच्या वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना कातडी सोलून रक्त साकळलंय का ते बघायला आणि अहवालात लिहायला सांगा. वहीत तारीख, जागा, किती मेली, किती जखमी, आणि जखमींपैकी पुढं किती गेली हे लिहीत जा. शेजारच्या वाड्यांनाही सांगा. अशा दहा वह्या एकत्र झाल्या की पंचायत समितीत घेऊन जायला तुमच्याकडं नकाशा तयार असेल. तो काढताना काही अडलं तर मला पाठवा, मी बघून देईन.